टॉप २ टक्के शास्त्रज्ञ म्हणजे नक्की काय? ऑरगॅनिक केमिस्टच्या साइटेशनची गजाल

गणपती संपले की आमच्याकडे दोन गोष्टी येतात, एक भातकापणीची घाई आणि दुसरी "जगातील टॉप २ टक्के शास्त्रज्ञ" वाली बातमी. यंदा तर कुडाळच्या वाटेवर आमच्या तिठ्यावरच फ्लेक्स लागला. शेजारच्या वाडीतला मुलगा (मुलगा म्हणजे पन्नाशीचा, पण गावात तो मुलगाच) बाहेर एका मोठ्या संस्थेत ऑरगॅनिक केमिस्ट आहे, त्याचा सूट-टायमधला फोटो, खाली ग्रामस्थ मंडळातल्या वीसेक जणांचे फोटो, आणि वर मोठ्या अक्षरात "साइटेशनच्या जोरावर जागतिक यादीत".

मी बारावीचे केमिस्ट्रीचे क्लास घेतो, एमएस्सी ऑरगॅनिकमध्येच केलंय, त्यामुळे टपरीवर तात्यांनी मलाच धरलं. "तेका बक्षीस गावला काय?" नाही तात्या. "मगे पगार वाढलो?" तसंही नाही. "मगे ह्या साइटेशन म्हणजे काय ता सांग माका." एका चहात सांगून होईना म्हणून हे लिहायला घेतलं, कारण मला वाटतं फ्लेक्स लावणाऱ्या निम्म्या लोकांनाही हे माहीत नसावं.

आधी हा माणूस दिवसभर करतो काय

ऑरगॅनिक म्हटलं की लोकांना बिनखताची भाजी आठवते. केमिस्ट्रीत ऑरगॅनिक म्हणजे कार्बनची रसायनं, बस. आमसुलाचा आंबटपणा, हापूसचा वास, काजूबीच्या टरफलातलं ते तेल ज्याने बोटांची सालं निघतात, क्रोसिनची गोळी, सगळं ऑरगॅनिक. पूर्वी लोक समजायचे की असले पदार्थ फक्त जिवंत शरीरातच तयार होतात, मग १८२८ मध्ये व्होलर नावाच्या जर्मन केमिस्टने युरिया चक्क भांड्यात बनवला आणि ती समजूत ढासळायला लागली.

तर या लोकांची कामं ढोबळमानाने तीन. निसर्गात सापडलेल्या पदार्थाची रचना ओळखणं, तो पदार्थ लॅबमध्ये बनवणं, आणि बनवायच्या नवीन पद्धती म्हणजे रिॲक्शन शोधणं. ऐकायला भारी वाटतं पण रोजचं काम धुणीभांड्यासारखं आहे. रिॲक्शन लावा, रात्रभर ढवळत ठेवा, सकाळी बघा तर फ्लास्कमध्ये तपकिरी चिखल, मग त्या चिखलातून आपला पदार्थ वेगळा काढायला काचेच्या उभ्या नळीत सिलिकाची पांढरी पावडर भरायची, वरून चिखल ओतायचा आणि सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) सोडत बसायचं. याला कॉलम म्हणतात. टिपकागदावर शाईचा थेंब पसरताना रंग कसे वेगळे होतात तसे पदार्थ वेगवेगळ्या वेगाने खाली येतात. मी एमएस्सीला असताना एकदा कॉलम लावून चहाला गेलो, परत येतो तर सॉल्व्हंट संपून सिलिका सुकलेली आणि वरपासून खालपर्यंत तडा. तीन आठवड्यांचं काम त्या तड्यात. त्या रात्री मी ठरवलं की आपण शिकवलेलंच बरं.

जे टिकतात त्यांची पीएचडीची पाच-सहा वर्षं अशी जातात, मग बहुतेक परदेशात पोस्टडॉक (म्हणजे पीएचडीनंतर दुसऱ्याच्या लॅबमध्ये तात्पुरतं संशोधन), मग नशिबाने स्वतःची लॅब. या सगळ्यात जे हाती लागतं ते जर्नलमध्ये छापतात, तो पेपर. पेपरवर पहिलं नाव बहुधा ज्याने हाताने काम केलं त्या विद्यार्थ्याचं आणि शेवटचं नाव गाईडचं. ही नावांची जागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साइटेशन म्हणजे कलमावरची चिठ्ठी

आता मुद्द्याचं. समजा तुमच्या बागेत काजूचं एक झाड आहे, बी मोठी, उत्पन्न चांगलं. लोक येऊन त्याच्या काड्या नेतात आणि आपापल्या रोपांवर कलम बांधतात. प्रत्येक कलमावर जर चिठ्ठी बांधायची पद्धत असती, की "काडी अमक्याच्या झाडाची", तर दहा वर्षांनी सगळ्या सिंधुदुर्गातल्या चिठ्ठ्या मोजून सांगता आलं असतं की कुणाचं झाड किती कामी आलं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून निघालेली वेंगुर्ला-४ नाहीतर वेंगुर्ला-७ कुठे कुठे पोचली ते आपण अंदाजानेच सांगतो. शास्त्रज्ञांच्या जगात मात्र ती चिठ्ठी बांधावीच लागते. पेपर लिहिताना आधीच्या कुणाचं काही वापरलं असेल तर शेवटी यादीत त्याचं नाव द्यायचं. तुमच्या पेपरचं नाव दुसऱ्या कुणाच्या यादीत आलं की तुम्हाला एक साइटेशन मिळालं.

या चिठ्ठ्या मोजता येतील ही कल्पना १९५५ मध्ये युजीन गारफील्ड नावाच्या अमेरिकन माणसाने मांडली आणि १९६४ पासून फिलाडेल्फियाहून त्याची जाडजूड सूची निघायला लागली. गंमत म्हणजे गारफील्ड स्वतः केमिस्ट्री शिकलेला. आणि त्याला मूळात हवं होतं ते शोधायचं साधन, म्हणजे एक पेपर हातात आहे तर तो पुढे कुणी वापरला ते सापडावं. लोकांना मार्क द्यायला ती वापरली जाणं हे नंतर वाढलं.

एच-इंडेक्स, म्हणजे बागेचा हिशोब

नुसती एकूण बेरीज केली तर एक अडचण येते. एखाद्याचा एकच पेपर तुफान चालला आणि बाकी सगळे पडून, तरी बेरीज मोठी दिसते. म्हणून २००५ मध्ये हिर्श नावाच्या सॅन दिएगोच्या फिजिक्सवाल्याने एक युक्ती काढली, तिला एच-इंडेक्स म्हणतात.

बागेत हापूसची सात कलमं आहेत. जास्त लागलेल्या झाडापासून कमीकडे ओळीने पेट्या लिहा: ४०, २२, ९, ७, ६, ३, १. आता मोजत जा. पाचव्या झाडापर्यंत आलात, त्याला ६ पेट्या, म्हणजे पाच झाडं अशी की प्रत्येकाने निदान ५ पेट्या दिल्या. सहाव्याने निदान ६ द्यायला हव्या होत्या, दिल्या ३. थांबा. तुमच्या बागेचा एच-इंडेक्स ५. पहिल्या झाडाने चाळीसच्या जागी पाचशे पेट्या दिल्या तरी ५ च राहणार. झाडांच्या जागी पेपर आणि पेट्यांच्या जागी साइटेशन घाला, झालं.

यात एक खोच आहे. हा आकडा कधी कमी होत नाही. माणूस रिटायर होऊन गावात माडांना पाणी लावत बसला तरी त्याचा एच-इंडेक्स वाढू शकतो, कारण जुने पेपर लोक वापरतच असतात. म्हणजे तिशीतल्या पोरीची आणि साठीतल्या सरांची तुलना या आकड्यावर करणं म्हणजे तीन वर्षांच्या कलमाची तुलना आजोबांनी लावलेल्या झाडाशी करणं.

पण ऑरगॅनिकमध्ये साइट होतं तरी काय

मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो हा भाग. आपल्याला वाटतं जेवढं काम अवघड तेवढी साइटेशन जास्त. तसं होत नाही. जे दुसऱ्याला *वापरता* येतं ते साइट होतं. डोंगर चढणाऱ्याचं कौतुक होतं, पण चिठ्ठ्या मिळतात त्या कोयती बनवणाऱ्याला.

सगळ्या विज्ञानात सगळ्यात जास्त साइट झालेला पेपर बघा. तो कुठला नोबेलवाला शोध नाहीये, १९५१ चा लाउरी आणि मंडळींचा पेपर आहे, द्रावणात प्रोटीन किती आहे ते मोजायची पद्धत, बास. तीन लाखांच्या वर साइटेशन. लाउरी स्वतः म्हणायचा की हा काही माझा थोर पेपर नव्हे.

ऑरगॅनिकमध्येही तसंच. मघाशी तो माझा सुकलेला कॉलम सांगितला ना, पूर्वी तो कॉलम तासन्‌तास चालायचा. १९७८ मध्ये क्लार्क स्टिल, काहन आणि अभिजित मित्रा या तिघांनी छापलं की अमक्या बारीक पावडरीची सिलिका घ्या, वरून हवेचा दाब द्या, १०-१५ मिनिटांत काम होतं. एक छोटासा पेपर, पण पुढे वर्षानुवर्षं ज्याने ज्याने कॉलम लावला त्याने तो साइट केला. मी पण केलाय, तो न वाचता, खरं सांगायचं तर. गाईडच्या जुन्या पेपरातून उचलला.

दुसरं उदाहरण तात्यांच्या खिशातलं. तात्या बीपीला लोसार्टन घेतात. ती गोळी बनवायचा एक गाजलेला मार्ग सुझुकी कपलिंगवरून जातो, म्हणजे दोन कार्बनच्या तुकड्यांना पॅलेडियम धातूच्या मदतीने जोडायची रिॲक्शन. जपानच्या अकिरा सुझुकी आणि मियाउरा यांनी ती १९७९ मध्ये दिली, सुझुकींनी तिचं पेटंट घेतलं नाही, जगभर लोकांनी वापरली, साइटेशनचा पाऊस पडला आणि २०१० मध्ये सुझुकींना हेक आणि नेगिशी यांच्याबरोबर नोबेल मिळालं. अमेरिकन केमिस्ट शार्पलेसच्या २००१ च्या क्लिक केमिस्ट्रीचंही तेच, दोन रेणू टिचबटणासारखे टच करून लावायचे, मग औषधवाले वापरतात, प्लास्टिकवाले वापरतात, बायोलॉजीवाले वापरतात. शार्पलेसला २००१ आणि २०२२ असं दोनदा नोबेल आहे, त्यातलं क्लिकचं २०२२ चं.

आता याच्या उलट बाजूला वुडवर्डचं व्हिटॅमिन बी-१२. वुडवर्ड आणि एशेनमोझर या दोघांच्या लॅबमधल्या शंभरेक लोकांनी बारा-एक वर्षं खपून १९७२ मध्ये तो राक्षसी रेणू लॅबमध्ये बनवला. केमिस्ट लोक अजून नाव काढतात. पण तो मार्ग जसाच्या तसा पुन्हा कोण चालणार? त्यातून निघालेल्या कल्पना वापरल्या गेल्या, चढाई मात्र एकदाच झाली. म्हणून एकाच कॉरिडॉरमधल्या दोन ऑरगॅनिकवाल्यांचे आकडे खूप वेगळे असू शकतात, एक रिॲक्शन शोधणारा आणि एक अवघड रेणू बनवणारा, आणि त्यावरून कोण हुशार ते ठरत नाही. रिव्ह्यू लिहिणाऱ्याचं तर वेगळंच, रिव्ह्यू म्हणजे त्या विषयावर आतापर्यंत काय काय झालं त्याचा गोषवारा, तो भरपूर साइट होतो कारण एक चिठ्ठी बांधली की पन्नास चिठ्ठ्यांचं काम भागतं.

"म्हणजे जास्त साइटेशन असलं की काम बरोबर, असंच ना?"

नाही. इथे आपल्या भिरंडाची, म्हणजे रातांब्याची, गोष्ट सांगतो.

रातांब्याच्या जातभाईंमध्ये केरळकडे एक फळ आहे, गार्सिनिया कॅम्बोजिया, तिकडे मासळीच्या कालवणात आपल्या आमसुलासारखंच घालतात. त्यातला मुख्य आंबट पदार्थ हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड आहे हे १९६५ मध्ये लुईस आणि नीलकंठन यांनी म्हैसूरला सीएफटीआरआय या सरकारी अन्न-संशोधन संस्थेत दाखवलं. सरळ, स्वच्छ केमिस्ट्री. आपल्या कोकमातही तेच ॲसिड आहे. मग १९६९ मध्ये अमेरिकेत वॉटसन, फँग आणि लोवेन्स्टाइन यांना दिसलं की शरीरात चरबी तयार व्हायच्या वाटेवरचं एक एन्झाइम हे ॲसिड अडवतं. पुढचं तुम्ही ओळखलं असेल, वजन कमी करायच्या गोळ्या. नव्वदीत त्यांचा बाजार तापला. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक नीट चाचणी छापून आली, १३५ माणसं, १२ आठवडे, काहींना खरं ॲसिड काहींना नुसतीच खोटी गोळी. निकाल काय, वजनात म्हणण्यासारखा फरक नाही.

आता हे सगळे पेपर आजही साइट होतात. गोळीवाला म्हैसूरचा पेपर साइट करतो, गोळीला विरोध करणाराही करतो, चाचणी चुकीची होती म्हणणारा त्या चाचणीलाच साइट करतो. मोजणाऱ्या कॉम्प्युटरला सगळ्या चिठ्ठ्या सारख्या. "याने छान केलं" ही पण एक आणि "याने घोटाळा केला" ही पण एक. आणि म्हैसूरच्या त्या दोघांनी आम्लाची ओळख पटवली तेव्हा जाड माणसांच्या गोळ्यांचा विचारही केला नसेल, पण त्यांच्या चिठ्ठ्या वाढल्या त्यात त्या गोळ्यांचा वाटा आहेच.

(सोलकढी प्यायल्याने पोट कमी होतं म्हणणाऱ्यांनी वरचा परिच्छेद परत वाचावा. सोलकढी प्या, पण चवीसाठी.)

"मोठ्या जर्नलमध्ये छापलं म्हणजे चांगलंच असणार"

जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर असतो, म्हणजे त्याने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यावर्षी सरासरी किती साइटेशन आली. ही सरासरी आहे हो. पेटीवर "देवगड हापूस" छापलंय म्हणून आतल्या एकाही आंब्यात साका नसेल असं कोण सांगेल? काही मोजके पेपर खूप साइट होतात, ते सरासरी वर ओढतात, आणि बाकीचे त्या लेबलावर विकले जातात. पेपर कापूनच बघावा लागतो. (कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत घालणाऱ्यांचं रामायण वेगळं, ते पुन्हा कधीतरी.)

"आपणच आपल्याला साइट केलं तर?"

करतात की. थोडं केलं तर त्यात वावगं काही नाही, माणूस वीस वर्षं एकाच रिॲक्शनवर काम करत असेल तर स्वतःचं आधीचं काम सांगावंच लागतं. पण काही लोक गरज नसताना दहा-पंधरा जुने पेपर कोंबतात. काही जण टोळी करतात, तू माझं साइट कर मी तुझं करतो, भजनी मंडळासारखं, आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे. त्याहून वाईट म्हणजे पैसे देऊन तयार पेपर विकत घ्यायची दुकानं, पेपर मिल म्हणतात त्यांना. २०२३ मध्ये हिंदावी नावाच्या एकाच प्रकाशनाने ८ हजारांच्या वर पेपर मागे घेतले. त्याच वर्षी क्लॅरिव्हेट कंपनीने आपल्या सर्वाधिक-साइटेड यादीतून हजारावर नावं संशयावरून गाळली. हे का होतं? प्रमोशन, ग्रँट, कॉलेजचं रँकिंग सगळं या आकड्यांना बांधलंय म्हणून. जिथे बोनस पेटीच्या संख्येवर, तिथे कच्चा आंबा उतरवणारच कोणीतरी.

"म्हणजे ती टॉप २ टक्के यादी खोटी?"

खोटी नाही, फक्त ती काय आहे ते फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं. ती स्टॅनफोर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी करतात, माहिती एल्सेव्हियर कंपनीच्या स्कोपस या डेटाबेसमधली. अर्ज नाही, मुलाखत नाही, कमिटी नाही, सगळा कॉम्प्युटरचा हिशोब. जगातल्या ज्यांचे निदान ५ पेपर आहेत अशांना घेतात, सहा आकड्यांचा मिळून एक स्कोर काढतात. त्यात एकूण साइटेशन आहे, एच-इंडेक्स आहे, आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं ती नावाची जागा आहे, म्हणजे तुम्ही एकटे, पहिले किंवा शेवटचे असलेल्या पेपरांना किती चिठ्ठ्या. गर्दीत मधे कुठेतरी नाव घुसवणाऱ्याला तेवढा फायदा मिळत नाही, हे मला पटतं. स्वतःची साइटेशन वगळूनही आकडे देतात, हे पण चांगलं.

मग मेख कुठे? एक म्हणजे याद्या दोन असतात. एक आख्ख्या करिअरची, दुसरी फक्त त्या एका वर्षाची. दुसरीत येणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि बातमीत कुठली ते सांगतच नाहीत. दुसरं, २ टक्के हे *आपापल्या उपविषयातले* २ टक्के, ऑरगॅनिकवाल्याची तुलना ऑरगॅनिकवाल्यांशी. हे बरोबरच आहे, कारण गणितात चिठ्ठ्या बांधायची सवयच कमी, तिथल्या थोर माणसाचा आकडाही केमिस्ट्रीच्या साध्या प्रोफेसरपेक्षा लहान दिसू शकतो. पण वाचणाऱ्याला वाटतं जगातल्या सगळ्या शास्त्रज्ञांत हा वरून दोन टक्क्यांत. तिसरं, यादीत माणसं दोन लाखांहून जास्त असतात. सिंधुदुर्गात सगळी मिळून साडेआठ लाख माणसं, म्हणजे बघा.

आणि कोणी तुम्हाला आकडा सांगितला तर विचारा कुठला. गूगल स्कॉलर थिसिस, रिपोर्ट असं बरंच काही मोजतं, त्यामुळे तिथला आकडा जवळजवळ नेहमीच स्कोपसपेक्षा मोठा येतो. बायोडेटात कुठला लिहितात ते सांगायला नको.

"आणि ज्यांना साइटेशनच नाही ते?"

लोट्याला एमआयडीसीत माझा एक वर्गमित्र आहे, केमिकल कंपनीत. त्याने एका प्रोसेसमधलं सॉल्व्हंट बदलून बॅचचा वेळ निम्म्यावर आणला. पेपर नाही, कारण कंपनी छापू देत नाही, गुपित आहे. साइटेशन शून्य. पण तो ऑरगॅनिक केमिस्ट नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही.

तालुक्याच्या कॉलेजात आठवड्याला वीस तास शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे एनएमआर मशीन नाही. रेणूची रचना बघायचं हे यंत्र कोट्यवधींचं येतं, सॅम्पल मुंबई नाहीतर पुण्याला पाठवायचं आणि पंधरा दिवस वाट बघायची. त्यांचे सहा पेपर. मोठ्या संस्थेत वीस पोरं हाताखाली असणाऱ्याशी त्यांची तुलना कशी करणार?

आणि सगळ्यात गमतीची जमात म्हणजे जे इतके मोठे झाले की त्यांना कोणी साइट करायचं सोडलं. ग्रिन्यार रिॲक्शन बारावीच्या पुस्तकात आहे, मी दरवर्षी शिकवतो, जगातल्या लॅबमध्ये आजही कुठेतरी लागलेली असणारच. ग्रिन्यारने ती १९०० मध्ये छापली, १९१२ ला नोबेल मिळालं. आज त्या मूळ पेपरला कोण साइट करतंय? नावच रिॲक्शन झालं, आता चिठ्ठी कशाला बांधायची. आमच्याकडे उकडीच्या मोदकाची रेसिपी कुणाची म्हणून कोणी विचारत नाही तसं.

मग मी तात्यांना आमच्या त्या फ्लेक्सवाल्याचं नाव मोबाईलवर काढून दाखवलं. करिअरच्या यादीत आहे तो, एका वर्षाच्या नव्हे. सगळ्यात जास्त साइट झालेले पेपर रिॲक्शनचे, तीनचारात शेवटचं नाव त्याचंच, स्वतःची साइटेशन वगळली तरी फार फरक पडत नाही. म्हटलं तात्या, हा प्रामाणिक आकडा आहे, फ्लेक्सवर नुसतं टॉप २ टक्के लिहिण्यापेक्षा हे लिहायला हवं होतं, की याने शोधलेली रिॲक्शन इतक्या लॅबनी वापरली, करिअरची यादी, ऑरगॅनिक केमिस्ट्री, स्वतःची साइटेशन वगळून.

तात्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "येवढा सगळा लिवक गेलास तर फ्लेक्स स्टँडापासून तिठ्यापर्यंत जातलो," म्हणाले, "स्क्वेअर फुटाचे पैसे कोण देतलो?"